पावसात कॅमेरा न्यायचा की नाही? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: दादा, यंदा माउलींच्या पालखीबरोबर दिवेघाट चढायचाय आणि फोटो काढायचेत. कॅमेरा साधाच आहे, एन्ट्री लेव्हल डीएसएलआर आणि सोबत आलेली १८-५५ किट लेन्स. घरचे म्हणतात पावसात नेऊ नकोस, वाया जाईल. मोबाइलवरच भागवू का?

उत्तर: ताई, न्या हो कॅमेरा! घाटाच्या वळणावर खालून वर येणारी दिंडी, भगव्या पताका, डोक्यावर प्लास्टिकचे कागद घेतलेले वारकरी आणि मागे उतरलेले ढग, हे सगळं पावसातच दिसतं, कॅमेरा घरी ठेवून काय उपयोग. फक्त तुमच्या बॉडीला आणि किट लेन्सला वेदर सीलिंग नाहीये हे लक्षात ठेवा. म्हणजे सांध्यांवर आणि लेन्स जिथे बसते तिथे रबरी गॅस्केट नाही, तिथून पाणी सरळ आत जाऊ शकतं. आणि ज्यांच्याकडे सीलिंगवाला कॅमेरा आहे त्यांनीही तो वॉटरप्रूफ समजू नये, बॉडी सील्ड आणि लेन्स साधी असेल तर साखळी तिथेच तुटली.

उपाय स्वस्त आहे. एक जाड पारदर्शक पिशवी घ्या, तळाला लेन्सहूड (लेन्सच्या तोंडावर बसवायचं गोल झापड) जाईल एवढंच भोक पाडा, हूडवर रबरबँडने घट्ट बसवा आणि पिशवीच्या उघड्या तोंडातून हात आत घाला. हूड लावाच, काचेवरचे निम्मे थेंब तोच अडवतो. वर फ्लॅश बसवायची खाच असते ना, हॉटशू, ती उघडी राहू देऊ नका, लोकांचं तिकडे लक्षच जात नाही. भर पावसात लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही. झूमसुद्धा सारखं आतबाहेर करू नका, नळी बाहेर आली की ओली हवा आत ओढली जाते आणि नळीवरचं पाणी परतताना आत जातं. खिशात तीनचार मायक्रोफायबर कापडं झिपच्या पिशवीत ठेवा, एकच नेलंत तर अर्ध्या तासात ते भिजून काचेवर नुसते फराटे ओढतं.

प्रश्न: ताम्हिणीत गाडीतून उतरलो आणि लेन्स आतून-बाहेरून धुरकट झाली, पाऊस तर नव्हताच. कॅमेरा खराब आहे का?

उत्तर: नाही, हा एसीचा प्रताप. गाडीत कॅमेरा गार झाला, बाहेर हवा दमट, मग गार काचेवर वाफेचं पाणी झालं, फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला सुटतं तसंच. पोचायच्या अर्धा तास आधी एसी बंद करा, काचा खाली घ्या आणि कॅमेरा बॅगेतच राहू द्या, हळूहळू बाहेरच्या तापमानाला येईल. धुरकट झालीच तर थांबा, पुसत बसू नका आणि लेन्स काढून तर अजिबात बघू नका, नाहीतर तीच वाफ आतल्या सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या भागावर बसते.

मला तर वाटतं वरून पडणाऱ्या पाण्यापेक्षा ही हवेतली ओल जास्त घातक आहे, कारण थेंब दिसतो तरी, ही दिसतच नाही. मी एकदा माळशेजहून दमून आलो, बॅग तशीच बंद करून कपाटात ठेवली आणि गणपतीत उघडली तर लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे! फंगस. साफ करून घेतली पण कोटिंग खाल्लेलं होतं ते गेलंच, आजही वाईट वाटतं. म्हणून घरी आल्यावर आधी कॅमेरा, मग चहा. बॅग पूर्ण रिकामी करायची, कॅमेरा कोरड्या कापडाने पुसून पंख्याखाली ठेवायचा, बॅग वेगळी वाळवायची, कारण ती ओली राहिली की बाकी सगळं व्यर्थ.

प्रश्न: मग ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट, घ्यायलाच हवं का? आमचं घर चिपळूणला, पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत.

उत्तर: परवडत असेल तर घ्या, कोकणात उपयोगी आहे. नसेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत ओल शोषणारं सिलिका जेल आणि हवेतली ओल मोजणारं एक छोटं हायग्रोमीटर. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवायचा, ६०च्या वर सारखा जायला लागला तर जेल बदला. निळं जेल ओल पिऊन गुलाबी होतं, तापवलं की परत निळं. पण निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे, त्यामुळे स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका आणि मुलांपासून लांब ठेवा. आणि आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा काढून वापरा, अंधारात पडून राहिलेल्या लेन्सवर बुरशीला मोकळं रान मिळतं.

प्रश्न: भिजलेला कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवावा का?

उत्तर: नको. तांदूळ ओल फारशी ओढत नाही, उलट त्याची पूड फटींमध्ये जाते. आधी बंद करा, बॅटरी आणि कार्ड काढा, चालतोय का ते बघायला चालू करू नका, खरं नुकसान त्या एका बटणाने होतं. पुसून, झाकणं उघडी ठेवून दोन दिवस पंख्याखाली वाळू द्या, हेअर ड्रायर लावू नका. आणि पाणी समुद्राचं असेल तर वाट बघू नका, बॅटरी काढून त्याच दिवशी सर्व्हिस सेंटरला न्या, मीठ आत राहिलं की सर्किट गंजायला लागतं.