‘देवा मुदा’मधला मुदा कोणता?

प्रश्न असा आहे: मलय लोकांच्या ‘मक योंग’ या नृत्यनाट्यात ‘देवा मुदा’ नावाचं एक जुनं कथानक आहे. त्यातला ‘देवा’ म्हणजे आपला देव, मग ‘मुदा’ म्हणजे मूढ का? की ‘मुदा करात्तमोदकं’मधला, आनंदानं या अर्थाचा?

दोन्ही नाहीत. हा मुदा अस्सल मलय आहे. अर्थ तरुण, कोवळा. शंका मात्र रास्त आहे. मलय भाषेत आपले मूर्धन्य ड-ढ नाहीत. संस्कृत ‘दंड’ तिथे ‘देंदा’ झाला (अर्थ आपलाच, भरायचा दंड). म्हणजे उच्चारापुरतं पाहिलं तर मूढचा मुदा होऊ शकला असता. शिवाय संस्कृत शब्द तिथे पावलोपावली भेटतात: भाषा ती ‘बहासा’, नवरा ‘सुआमी’, बायको ‘इस्तेरी’.

पण उच्चार जुळला तरी वापर जुळायला हवा. पेराक आणि सलांगोरच्या राजघराण्यांत गादीच्या वारसाला ‘राजा मुदा’ म्हणतात, म्हणजे युवराज. आणि शहाळं म्हणजे ‘केलापा मुदा’! मला हा पुरावा सगळ्यांत पक्का वाटतो. शहाळ्याला मूढ कोण म्हणेल?

खुद्द मक योंगमध्येही हा शब्द आहे. मक म्हणजे आई, पक म्हणजे बाप. राणीची भूमिका ‘मक योंग’, राजाची ‘पक योंग’; थोरला तो ‘पक योंग तुआ’, तरुण तो ‘पक योंग मुदा’. ही राजाची भूमिका परंपरेनं बाईच करते, आणि हातातल्या वेतानं सोंगाड्या पुरुषांना फटकेही देते. खतीजा अवांग यांनी याच भूमिकेत नाव कमावलं. मलेशियातल्या क्लांतान राज्यात धार्मिक कारणांवरून १९९१मध्ये या खेळावर बंदी आली. २००५मध्ये युनेस्कोनं त्याचा गौरव केला, तरी बंदी अटींसह उठायला २०१९ उजाडलं. इतकी वर्षं आपल्याच गावात परकं राहणं फार वाईट.

आता अर्थ नीट लावणं का गरजेचं ते सांगतो. क्लांतानमध्ये ‘मायन पुतेरी’ नावाचा, आजार बरा करण्याचा विधी आहे. त्यात माणसाच्या अंगभूत ओढीला ‘आंगिन’ म्हणतात. आंगिनचा साधा अर्थ वारा. ज्याला लाड हवेत, चांगले कपडे हवेत, कौतुक हवं, त्याच्यात ‘देवा मुदा’चं वारं आहे असं मानतात. ते वारं कोंडलं की माणूस आजारी पडतो, म्हणून विधीत त्याला ती भूमिका जगू देतात. अंगात वारं येणं मराठीला नवं नाही. ‘मूढ देवाचं वारं’ असं भाषांतर केलं, तर त्या आजारी माणसाचं कोवळं मागणं वेडेपणात जमा होईल. ‘तरुण देव’ असंच म्हणा.