डब्ल्यू मेला, गडी पुढं सरकत नाही

प्रश्न: भाऊ, मी दारव्ह्याकडच्या खेड्यातला. जुन्या लॅपटॉपचं डब्ल्यू बटण गेलं, गेममधला गडी पुढं जातच नाही. काय करू?

उत्तर: आधी गेमच्या सेटिंगमध्ये बटणं बदलता येतात का पाय. नसंल तर ऑटोहॉटकी हा फुकटचा प्रोग्राम टाक, नोटपॅडात अप, दोन कोलन आन् डब्ल्यू (Up::w) अशी एकच ओळ लिहून फाईलच्या नावाशेवटी .ahk (एएचके) लावून सेव्ह कर, डबल क्लिक केलं की वरचा बाण डब्ल्यूचं काम करते. कोलन दोन, म्हंजे टिंबं चार, इथंच पोट्टे चुकतात. आता मेलेला डब्ल्यू लिहाचा कसा? ऑन-स्क्रीन कीबोर्ड, म्हंजे पडद्यावरचा कीबोर्ड उघड, माऊसनं टिचक. गेम ॲडमिन म्हणून (रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर) चालत असंल तर स्क्रिप्ट, म्हंजे ती एएचके फाईलही तशीच चालव. ऑनलाइन गेमात मात्र जपून, काही ठिकाणी अशानं खातं बंद होते.