समाजमंदिराच्या रंगीत काचेच्या खिडकीत काचांचे तुकडे जोडायला कॉपर फॉइल (तांब्याची पातळ चिकटपट्टी) घ्यावं की शिसं?

शिसं. एका शब्दात उत्तर हवं असेल तर इथेच थांबा.

पण तुम्ही पुढे लिहिलंय, 'खिडकी चार फुटांची आहे, आम्ही पाच-सहा जण मिळून हाताने करणार आहोत, चित्राच्या मध्ये लोखंडी गज येऊ नयेत अशी कमिटीची इच्छा आहे.' ते वाचलं आणि माझी जुनी खपली निघाली.

आमचं रत्नागिरी जिल्ह्यात फोटो फ्रेमचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. गावच्या वाचनालयाला शंभर वर्षं झाली तेव्हा कार्यवाह म्हणाले, जिन्यावरच्या खिडकीला रंगीत काचेचं काहीतरी कर. चार फूट उंच, अडीच फूट रुंद, तोंड नैर्ऋत्येला. म्हणजे आषाढातली झड थेट काचेवर. चित्र ठरलं गलबताचं: पांढरं शीड, खाली हिरवं-निळं पाणी. मी आधी मुंबईला जाऊन दोन दिवस नुसत्या खिडक्या बघितल्या. विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहातली राशींची गोल खिडकी बघितली, कुलाब्याचं 1858 सालचं अफगाण चर्च बघितलं. तिथल्या काचा विल्यम वेल्स या इंग्रज कारागिराच्या. लोक काचेवरची चित्रं बघत होते, मी आधार शोधत होतो. एवढ्या उंचीचं शिशाचं काम आडव्या गजांशिवाय उभंच राहत नाही.

परत आल्यावर सभेत सांगितलं, साधारण दीड फुटाला एक या हिशोबाने दोन गज लागतील. उपाध्यक्ष म्हणाले, "शिडाच्या आडवा गज? अरे, वाचनालय आहे की तुरुंग?" सगळे हसले. मीही हसलो. तिथेच चुकलं.

खिडकी गजांविनाच बसवली. दोन पावसाळे काही झालं नाही. तिसऱ्या मे महिन्यात खिडकीचं पोट सुटलं. शिसं मऊ. दुपारच्या उन्हात ते पसरतं, रात्री आक्रसतं, पण पूर्ण जागेवर येत नाही. त्यात वारा ढकलतो आणि काचेचं वजन खाली बसत जातं. शीड खरंच वाऱ्याने फुगल्यासारखं दिसायला लागलं, काहींना तर ते आवडलंसुद्धा. मग फटींत भरलेली लांबी (पुट्टी) सुटली, आणि जूनमध्ये ओल दिवाळी अंकांच्या कपाटापर्यंत गेली. त्यावर ऐकायला काय मिळालं? "शेवटी फ्रेमवाल्याचं काम." मी इतिवृत्त काढून बघितलं. 'खिडकीबाबत चर्चा झाली. सर्वानुमते मंजूर.' माझ्या गजांचा उल्लेख नाही. तेव्हा तुमच्या कमिटीला गज नको असतील तर तसं त्यांच्याकडून लिहून घ्या, सहीनिशी. कारागीर फुकट काम करतोय म्हटल्यावर त्याचं मतही फुकटचं समजतात.

खिडकी उतरवली आणि चार महिने खपून पुन्हा बांधली, स्वतःच्या खर्चाने. या वेळी कोऱ्या कागदावर पहिल्यांदा दोन गज काढले आणि मग त्यांच्याभोवती गलबत. एक गज क्षितिजाच्या रेघेवर, दुसरा शिडाच्या वरच्या जोडाच्या सांध्यावर. शिशाला मागून तांब्याच्या तारा डाग देऊन (सोल्डर करून) चिकटवल्या आणि गजाला पीळ घालून बांधल्या. उजेडात गज शिशाच्या जाड रेघेसारखाच काळा दिसतो.

आता फॉइल का नको ते. टिफनी पद्धतीच्या, म्हणजे काचांचे बारीक तुकडे जोडून केलेल्या दिव्याला, छोट्या नक्षीला ते उत्तम, नाजूक वळणं त्यातच जमतात. पण फॉइल काचेच्या कडेला गोंदाने चिकटतं, आणि त्याला लांबी भरायला खोबण नसते. शिशाची पट्टी इंग्रजी H च्या आकाराची असते; तिच्या खोबणीत जवसाचं तेल, खडूची भुकटी आणि थोडी काजळी यांची लांबी ब्रशने दाबून भरली की पाणीही अडतं आणि काचाही खडखडत नाहीत.

काच कापणं शिकवत नाही, ते हातानेच येतं. पण नवशिके हमखास चुकतात ते मापात. पट्टीच्या मधल्या कण्याची जाडी, साधारण दीड मिलिमीटर, प्रत्येक सांध्याला सोडावी लागते. नाही सोडली तर बारा सांध्यांत खिडकी 18 मिलिमीटरने वाढते आणि चौकटीत जात नाही. डाग देताना सोल्डरिंग आयर्न फार तापवू नका. 60-40 चं सोल्डर (60 टक्के कथील, 40 टक्के शिसं) 190 अंशांच्या आसपास वाहतं, नुसतं शिसं 327 ला वितळतं. जरा रेंगाळलात की पट्टीलाच भोक.

खर्च विचारलात, पण तुकडे किती ते सांगितलं नाहीत, म्हणून आकडा देत नाही. देणगीदारांची नावं काचेवर घालायचा आग्रह होईलच. त्यांना पंखे द्या, पात्यांवर भरपूर जागा असते.

हे आधी सांगायला हवं होतं: शिसं विषारी आहे. काम करताना चहा नाही, तंबाखू नाही, हात साबणाने धुवायचे, खोली हवेशीर ठेवायची, वाडीतल्या पोरांना 'मदतीला' बोलवायचं नाही. खिडकी पोरांच्या चेंडूच्या टप्प्यात असेल तर बाहेरून टफन्ड काच लावा, मात्र मध्ये हवा खेळती ठेवा, नाहीतर आत दव धरतं. आणि मी आयुष्यात तीनच खिडक्या केल्यात, त्यातली एक दोनदा, हेही लक्षात घ्या. फूटभराची खिडकी असती तर गजाचं नावही काढलं नसतं.

परवा उपाध्यक्षांकडे पाहुणे आले होते. जिन्यात उभे राहून त्यांना सांगत होते, "बघा, एवढी मोठी काच, मध्ये एक गज नाही." मी खाली पेपर वाचत बसलो होतो. पान उलटलं.