लॉनचं बी टाकण्याआधी मातीचं तापमान मोजा

हवा उबदार झाली म्हणून लगेच बी टाकू नका. माती हवेच्या मागून सावकाश तापते आणि सावकाशच निवते, आणि बी रुजतं ते मातीच्या उबेवर.

मोजायला स्वयंपाकघरातला टोकदार दांडीचा थर्मामीटर पुरतो. 5 सेंटिमीटर खोल खुपसा, आकडा स्थिरावला की वाचा. रोज सकाळी एकाच वेळी मोजा. उन्हातली आणि सावलीतली जागा वेगवेगळी. एका दिवसावर जाऊ नका, चार-पाच दिवसांची सरासरी धरा.

फेस्क्यू, रायग्रास, ब्लूग्रास या थंड हवामानातल्या गवतांना 10 ते 18 अंश सेल्सिअस मानवतं. ती उन्हाळा सरताना, माती निवू लागल्यावर पेरावीत. तेव्हा तणाचा जोरही ओसरलेला असतो. बर्म्युडा या उष्ण हवामानातल्या गवताला मात्र माती किमान 18 अंशांवर टिकलेली हवी, 20 च्या पुढे तर उत्तमच. थंड मातीत बी नुसतं पडून राहतं. मग कुजतं किंवा पाखरं टिपतात.

नवखे लोक सर्वात जास्त फसतात ते तणनाशकात. क्रॅबग्रास हे लॉनमधलं तण रोखायचं उगवणपूर्व औषध (तण उगवण्याआधीच टाकायचं) माती 13 अंशांवर पोहोचण्याआधी टाकतात, पण यातली बहुतेक औषधं तुमच्या गवताचं बीही रुजू देत नाहीत. त्या हंगामात पेरणी किंवा औषध, एकच निवडा.

रायग्रास 5 ते 10 दिवसांत दिसतं, ब्लूग्रासला तीन-चार आठवडेही लागतात. तोवर वरचा थर दिवसातून दोन-तीनदा हलका शिंपून ओलसर ठेवा आणि घाईने दुसऱ्यांदा पेरू नका.