तीन आठवड्यांच्या पेन रिहॅबला जावे की नाही?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण शिकागोजवळ राहता, वय चौतीस, घरात दोन लहान मुले. दोन वर्षांपूर्वी मागून गाडी आदळल्यापासून मान आणि उजवा खांदा दुखतो. एमआरआयमध्ये शस्त्रक्रिया करावी असे काही निघाले नाही, फिजिओथेरपी झाली, इंजेक्शने झाली, आणि आता डॉक्टरांनी तीन आठवड्यांचा दीर्घकालीन वेदना पुनर्वसन कार्यक्रम सुचवला आहे. सासूबाई मात्र केरळात जाऊन पंचकर्म करून ये म्हणतात. कार्यक्रमाच्या माहितीपत्रकातच वेदना पूर्ण जाण्याची हमी नाही असे छापलेले असल्याने आपण विचारता की, मग तिथे जाऊन करायचे काय, आणि हे दुखणे मनाचे आहे असे डॉक्टर आडून सुचवत आहेत का.

मी डॉक्टर नाही. कमरेच्या मणक्याची शस्त्रक्रिया होऊन चार वर्षे उलटली तरी डाव्या पायातली कळ थांबली नाही, म्हणून २०१८ मध्ये मी इथे मिनेसोटात अशाच एका कार्यक्रमाला गेले होते. जाण्याआधी आठ महिने मी नेमक्या आपल्याच प्रश्नाभोवती घुटमळत होते, म्हणून सविस्तर लिहिते.

'मनाचे' या शब्दापासून सुरुवात करते, कारण मलाही तोच सर्वांत जास्त झोंबला होता. वेदनांचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. शरीराला इजा झालेली असताना किंवा होण्याची शक्यता असताना येणारा, अथवा तशा इजेच्या अनुभवासारखा असणारा त्रासदायक अनुभव म्हणजे वेदना, असा तिचा आशय आहे. म्हणजे इजा दाखवता आली नाही तरी वेदना खरीच असते. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या दुखण्यात मज्जासंस्था स्वतःच हळवी होऊन बसू शकते. उन्हात भाजलेल्या पाठीवर कोमट पाणी पडले तरी चटका बसतो. तो चटका खोटा नसतो, पण पाण्याने भाजलेलेही नसते. याची दुसरी बाजूही आहे. पाठीचे कोणतेही दुखणे नसलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात, विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्यांमध्ये झीज आढळली होती. तेव्हा एमआरआय चांगला म्हणून दुखणे खोटे ठरत नाही, आणि एमआरआय वाईट म्हणून दुखण्याचे कारण सापडले असेही होत नाही. अशा कार्यक्रमात मानसशास्त्रज्ञ असतात ते आपल्याला वेड लागले आहे की काय हे पाहण्यासाठी नव्हे. दुखेल या भीतीने आपण काय काय करणे सोडून दिले आहे, याचा हिशेब मांडायला कोणीतरी शेजारी बसावे लागते, म्हणून असतात.

आता तिथे नेमके काय चालते ते सांगते. या पद्धतीचे एक मूळ सिअ‍ॅटलमध्ये विल्बर्ट फोर्डाइस या मानसशास्त्रज्ञाने साठ-सत्तरच्या दशकात केलेल्या कामात आहे. त्याचे निरीक्षण असे होते की, दुखले की विश्रांती, दुखले की गोळी, दुखले की घरच्यांची धावाधाव असे चक्र बसले म्हणजे आजूबाजूचे सगळे जग नकळत दुखण्यालाच खतपाणी घालू लागते. म्हणून त्याने गोळी दुखण्यावर न देता घड्याळावर द्यायला सुरुवात केली, आणि व्यायाम दुखेपर्यंत न करता ठरलेल्या संख्येपर्यंत करायला लावला. मिनेसोटातल्याच मेयो क्लिनिक या रुग्णालयाने आपले वेदना पुनर्वसन केंद्र १९७४ मध्ये सुरू केले आणि तिथला प्रौढांचा कार्यक्रमही तीन आठवड्यांचाच असतो. मी गेले ते रुग्णालय वेगळे होते, पण दिनक्रम त्याच धर्तीचा होता: सोमवार ते शुक्रवार, सकाळी आठपासून पाचपर्यंत, आणि रात्री मुक्कामाला जवळचे हॉटेल. दिवसभरात फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (म्हणजे रोजची कामे पुन्हा करायला शिकवणारे उपचार), श्वासाचे आणि शिथिलतेचे सराव, गटचर्चा, झोपेवर आणि औषधांवर तासिका. एकाही दिवशी मला कोणी इंजेक्शन दिले नाही की मालिश केले नाही, आणि पहिल्या आठवड्यात मला याचा भयंकर राग आला होता.

पहिल्याच दिवशी आम्हाला 'वेदनावर्तन' ही कल्पना समजावून सांगितली. लंगडणे, दुखरी जागा चोळत राहणे, तोंड वेडेवाकडे करणे, सुस्कारे टाकणे, दुखण्याविषयी बोलणे, हे सगळे जाणीवपूर्वक कमी करायचे. मला वाटले, मी काही कण्हत-कुथत बसणारी नाही, हे माझ्यासाठी नसावे. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑक्युपेशनल थेरपिस्टने अगदी सौम्यपणे विचारले की, खुर्चीतून उठताना प्रत्येक वेळी तुम्ही जो शब्द उच्चारता त्याचा अर्थ काय? तो शब्द होता 'आई गं'. तिला मराठीचा गंधही नव्हता, पण दोन तासांत तिने तो अकरा वेळा मोजला होता. आमच्या घरी तर बसता-उठता आई गं म्हणण्याची पिढीजात रीत आहे. माझी आजी ठणठणीत असतानाही म्हणायची. तरी पुढचे तीन आठवडे मी तो शब्द ओठांवर अडवला, आणि तो अडवताना प्रथमच लक्षात आले की, उठण्याआधीच माझे अंग दुखण्याच्या तयारीने आवळलेले असते.

याहून अवघड भाग घरच्यांचा होता, आणि आपला निर्णय मुख्यतः याच मुद्द्यावर व्हावा असे माझे मत आहे. कुटुंबीयांसाठी वेगळ्या तासिका असतात आणि त्यांत त्यांना सांगितले जाते की, 'कसं आहे? दुखतंय का?' हे विचारणे बंद करा, आणि हातातले काम काढून घेऊ नका. माझ्या नवऱ्याने ते दोन दिवसांत आत्मसात केले, कदाचित त्याला सुटल्यासारखेही वाटले असेल. पण सांगलीहून दर रविवारी फोन करणारी माझी आई, जिचे पहिले वाक्य चार वर्षे 'आज कंबर कशी आहे?' हेच होते, तिला हे पटवून देताना माझी पुरेवाट झाली. 'मग मी विचारू तरी काय?' असे तिने विचारले तेव्हा माझ्याकडेही उत्तर नव्हते, कारण आमच्या बोलण्यातून कंबर वगळली तर फारसे काही उरलेच नव्हते. दोन रविवार आम्ही जवळजवळ मुक्याने फोन धरून बसलो. तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, 'आज काय केलंस ते सांग.' मी सांगितले की वीस मिनिटे चालले आणि शेपूची भाजी केली. मग शेपूवरून पाऊण तास बोलणे झाले. आपल्या घरात नवरा, सासूबाई आणि मुले हा बदल पेलू शकतील का, याचा विचार आधी करावा. तीन आठवडे शिकलेले घरी येऊन तीन दिवसांत विरघळते ते बहुधा इथेच.

काम थोडे-थोडे वाटून करणे ही तिथली दुसरी मोठी गोष्ट. बरे वाटले की सगळे उरकून घ्यायचे आणि मग दोन दिवस अंथरुणाला खिळायचे, ही सवय आपल्यालाही असणारच. गणपतीत मी एका बैठकीत एकवीस मोदक वळून चार दिवस आडवी पडले होते, आणि वर त्याचा अभिमानही बाळगला होता. तिथे माझ्या हाती स्वयंपाकघरातला टायमर दिला. बारा मिनिटे उभे राहायचे, मग दुखो वा न दुखो बसायचे, आणि दर आठवड्याला मिनिटे थोडी वाढवायची. चांगल्या दिवशी थांबणे हे वाईट दिवशी उठण्यापेक्षा कठीण आहे, हे मला तेव्हा कळले. पोळ्या आजही मी दोन हप्त्यांत लाटते.

औषधांविषयी आधीच स्पष्ट विचारून घ्यावे. अशा अनेक कार्यक्रमांत अफूवर्गीय वेदनाशामके टप्प्याटप्प्याने कमी करून बंद केली जातात, कारण ती दीर्घकाळ घेतल्याने काहींच्या बाबतीत वेदनेची जाणीव उलट तीव्र होऊ शकते. माझे ट्रॅमाडॉल हे याच वर्गातले औषध कमी करताना सहा-सात रात्री झोप उडाली आणि पाचव्या दिवशी मी बॅग भरून घरी निघाले होते. आपण असे काही घेत असाल तर तयारी म्हणून स्वतःहून एकदम बंद करू नका. अचानक बंद करण्याच्या धोक्यांविषयी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये मुद्दाम इशारा दिला आहे.

फायदा किती, याविषयी फुगवून सांगत नाही. दीर्घकालीन कंबरदुखीवरच्या अशा बहुशाखीय उपचारांच्या ४१ चाचण्यांचा, म्हणजे ६,८०० हून अधिक रुग्णांचा, एकत्रित आढावा कोक्रेन या संस्थेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत वेदनेत पडलेला फरक दहाच्या मापावर अर्धा ते जेमतेम दीड गुण इतकाच होता. माझा आकडा सहावरून पाचावर आला. एवढ्यासाठी तीन आठवडे घालवावेत का, असे कोणी विचारले तर आकड्यापुरते उत्तर 'नाही' असेच येईल. मात्र जाण्यापूर्वी मी गाडी चालवत नव्हते, अर्धवेळही काम करत नव्हते आणि नाटकाला जाणे सोडले होते. दोन महिन्यांनी मी रोज चार तास कामाला जाऊ लागले आणि चाळीस मिनिटे गाडी चालवू लागले. हे सगळे पाचाच्या आकड्यासकट. माझ्या गटातल्या एका गृहस्थांना यातले काहीच लाभले नाही. ते तिसऱ्या आठवड्यापर्यंत पुढच्या शल्यविशारदाची वेळ मिळण्याची वाट पाहत होते, आणि मला वाटते त्यांचे मन तिथे आलेलेच नव्हते.

म्हणूनच, तपास अजून अपुरा आहे असे आपल्याला किंवा डॉक्टरांना वाटत असेल, तर आधी तो पूर्ण करा आणि मगच जा. हाताची ताकद कमी होणे, नव्याने बधिरपणा येणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, ताप किंवा विनाकारण वजन घटणे अशी लक्षणे असतील तर कार्यक्रमाचा विचार बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांना गाठावे. जगणे नकोसे होण्यापर्यंत निराशा गेली असेल तर तीवरील उपचार आधी हवेत. आणि गाडीच्या अपघाताचा दावा चालू असेल तर वकिलांशी बोलून घ्या. दावा असला म्हणजे दुखणे खोटे असे मुळीच नाही, पण एकीकडे दुखण्याची रोजची नोंद ठेवायला सांगितलेले असताना दुसरीकडे दुखण्याकडे लक्ष देऊ नका हे शिकणे, ही ओढाताण माणसाला थकवते.

पैशांचे आणि रजेचे उरकते. विमा कंपनीची पूर्वपरवानगी लेखी घ्या. वर्षभराची डिडक्टिबल, म्हणजे विमा लागू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम, भरून झाली असेल तर त्याच वर्षी जाणे सोयीचे. आपल्या कंपनीत पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील आणि आपण वर्षभरात किमान १,२५० तास काम केले असेल, तर कौटुंबिक आणि वैद्यकीय रजेच्या १९९३ च्या कायद्याखाली बारा आठवड्यांपर्यंत बिनपगारी रजा साधारणपणे मिळू शकते. 'पेन सेंटर' या नावाखाली केवळ इंजेक्शने देणाऱ्या जागाही आहेत. म्हणून डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट एकाच ठिकाणी एकत्र काम करतात का, पुनर्वसन संस्थांना मान्यता देणाऱ्या कार्फची मान्यता आहे का, आणि संपल्यानंतर सहा महिन्यांनी विचारपूस होते का, हे फोनवरच विचारावे.

केरळविषयी सासूबाईंशी वाद घालू नये. तेलाच्या मसाजाने बरे वाटते आणि बरे वाटण्यात गैर काही नाही. मात्र तिथे आपण पडून राहतो आणि दुसरे कोणी आपल्यासाठी काही करते, तर इथे सगळे आपल्यालाच करावे लागते. दोन्ही एकाच महिन्यात करू नयेत, एवढेच मी म्हणेन. त्यापेक्षा ते तीन आठवडे मुलांना सांभाळायला त्यांनाच बोलावता आले तर पाहा, म्हणजे घरच्यांच्या तासिकेलाही त्या येतील.

प्रवेशापूर्वी बहुधा मूल्यमापनाची एक भेट असते. तिला गेल्याने पुढे जाण्याचे बंधन पडत नाही, तेव्हा ती भेट अवश्य घ्या आणि नवऱ्याला बरोबर न्या. जाताना औषधांची संपूर्ण यादी न्यावी आणि तीत भारतातून आणलेली औषधेही लिहावीत. महायोगराज गुग्गुळासारख्या आयुर्वेदिक औषधात धातूंची भस्मे असतात. मी ते यादीत लिहायला संकोचले होते आणि दुसऱ्या आठवड्यात रक्ततपासणीच्या वेळी सांगावे लागले.