पोच म्हणजे परवानगी नव्हे

तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य वाचलं आणि पोटात गोळाच आला. "सगळीकडं अर्ज दिलेत, पोच मिळालीय, आता या आठवड्यात बिब (छातीवरचे नंबर) आणि मेडल छापायला टाकतोय." तुमचा बेत म्हणजे कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीच्या संगमापासून पंचगंगेच्या काठाकाठानं 21 किलोमीटरची ट्रेल रन, म्हणजे पायवाटांवरची शर्यत, जमलेल्या पैशातून नदीचं काम आणि शाळांत पर्यावरणाचे तास. तीन वर्षांमागं आम्ही हेच करायला निघालो होतो. रूटही थोड्याफार फरकानं हाच. आणि पोच मिळाल्याचं असलंच वाक्य आमच्या ग्रुपवर मी स्वतः टाकलं होतं.

अॅम्ब्युलन्स, पाण्याचे थांबे, शेवटच्या पळणाऱ्यामागून येणारा स्वीपर हे सांगत बसत नाही. तुम्ही पळणारे आहात, ते कळतंच. सांगायचंय ते पोचेवरच्या शिक्क्याबद्दल.

आमचा रूट एका बंधाऱ्यावरनं पलीकडं जात होता, म्हणून एका कार्यालयाची परवानगी लागत होती. कुठलं ते विचारू नका, अजून त्यांच्या दारात कामासाठी जावं लागतं. दीड महिना आधी अर्ज दिला, नकाशा जोडला. आवकच्या बाईंनी आमच्या प्रतीवर शिक्का मारला, नंबर घातला, तारीख टाकली. वर "चांगलं काम करताय" असंही म्हणाल्या. मधे दोनदा चक्कर मारली. एकदा साहेब मीटिंगला, एकदा साहेब फिल्डवर. टेबलावरचे म्हणाले, "होऊन जाईल, नदीचंच काम आहे की." ही तोंडी गोष्ट आम्ही लेखी असल्यागत धरून चाललो, हा गाढवपणा आमचा. त्यांना सगळा दोष देऊन मोकळं होणार नाही.

रेस रविवारी. शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला फोन आला, परवानगीची प्रत बंदोबस्तासाठी द्या. मी पोच पाठवली. पलीकडचा माणूस हसला. पोच म्हणजे अर्ज मिळाला, एवढंच. त्या कार्यालयात धावत गेलो तर कळलं, दुसऱ्या एका खात्याचा ना-हरकत दाखला जोडला नव्हता म्हणून फाईल साहेबांपुढं पुटअपच झाली नव्हती. दीड महिना ती त्याच टेबलावर, त्याच माणसासमोर पडून होती, आणि एक ओळ लिहून किंवा एक फोन करून सांगावं असं कुणाला वाटलं नाही. अर्जावर माझा मोबाइल नंबर ठळक अक्षरात होता! शनिवार-रविवार सुट्टी. सोमवारी या म्हणाले. सोमवारी काय, ऊन खायला?

मग रात्रीत रूट बदलला. बंधारा सोडला, अलीकडच्याच काठानं पाणंदींतून जाऊन परत यायचं ठरवलं. दोन गावांतल्या शेतकऱ्यांनी रात्री अकराला कवाडं उघडून "जावा की" म्हटलं, त्यांच्यामुळं रेस झाली. पण गळीत हंगाम सुरू, पाणंदीत उसाच्या ट्रॉल्या, अंतर भरलं 16. मेडलवर 21. टायमिंगवाल्यांनी नव्या पॉइंटचे जादा पैसे लावले, टेम्पो दोनदा फिरवावा लागला, आणि ज्यांनी नोंदणीचे पैसे परत मागितले त्यांना दिले. मागणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं.

पोस्टरवर आम्ही छापलं होतं, "तुमच्या शुल्कातला प्रत्येक रुपया नदीसाठी." तुमच्या पोस्टरच्या मसुद्यातही तसलंच काहीसं दिसलं. काढून टाका. खर्च वजा जाता उरेल ते नदीसाठी, असं सरळ लिहा. अकरा शाळांना आम्ही पाणी तपासायचे किट कबूल केले होते. पोरांनी चिखलीच्या संगमावरचं पाणी एका बाटलीत घ्यायचं, शहराच्या खालच्या अंगाचं दुसऱ्या बाटलीत, आणि विरघळलेला ऑक्सिजन स्वतः मोजायचा. आंघोळीलायक पाण्यात तो लिटरला 5 मिलिग्रॅम तरी हवा, हे पाठ करण्यापेक्षा बाटलीतला रंग बदलताना बघितलेलं लक्षात राहतं. पैसे उरले तीन शाळांपुरते. उरलेल्या आठ शाळांच्या मुख्याध्यापकांना मी फोन करून "पुढच्या वर्षी नक्की" म्हणालो. पुढचं वर्ष झालंच नाही.

म्हणून उद्या सकाळी जा, आणि आवकच्या खिडकीवर थांबू नका. फाईल कुणाच्या टेबलावर आहे, टिपणी ठेवली का, कुणाचा ना-हरकत लागतो, हे विचारा. हातात जावक क्रमांक असलेलं सहीचं पत्र येईपर्यंत छपाईला एक रुपया देऊ नका. हा माझा अनुभव, तुमच्या वेळी माणसं वेगळी असतील, नियमही बदलले असतील. पण छापखाना चार दिवस थांबतो, फाईल थांबली तर कुणी सांगत नाही.

पैशाचंही बघा. गणपती मंडळं वर्गणीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडून कलम 41 क ची परवानगी काढतात, ती भानगड तुम्हालाही लागू शकते. नोंदणी असलेल्या ट्रस्टला सोबत घेतलं तर सोपं जाईल. नोंदणी शुल्काला देणगीवरची आयकर सवलत (80 जी म्हणतात ती) मिळेल असं कुणाला सांगू नका, देणगी वेगळी आणि शुल्क वेगळं. मी सीए नाही, एकदा सीएला विचाराच.

रूटची रेकी (पाहणी) कधी केली तेही तपासा. आम्ही दिवाळीआधी काठ बघून आलो, नंतर बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले, पाणी चढलं आणि दोन ठिकाणी पायवाटच बुडाली. ते निदान आठवडाभर आधी कळलं. सकाळी सहाच्या आत स्पीकर चालत नाही, त्यामुळं साडेपाचच्या स्टार्टला ढोल-हलगीचं स्वप्न बघू नका. खुणेला प्लास्टिकच्या फिती तर अजिबात नकोत, नदीसाठी पळताय आणि फिती म्हशींच्या पोटात. जुन्या साड्यांच्या पट्ट्या बांधा, दुसऱ्या दिवशी मोजून सोडा. फक्की मारणार असाल तर पहाटे मारा, रात्री मारलेली आमची दवानं पुसट झाली होती. थांब्यावर गूळ-शेंगदाणे ठेवा, ज्याचा त्याचा पाण्याचा मग आणायला सांगा.

आणि रोपं वाटू नका हो. पळून दमलेला माणूस ते रोप गाडीच्या डिकीत टाकतो आणि बुधवारी त्याला आठवण होते. हे माझं मत, कुणाला राग आला तर येऊ दे.

माझ्याकडं अजून 21 किमी छापलेली मेडलं एका पोत्यात पडलीत. 16 पळून 21 चं नको म्हणून काही जण टेबलावर ठेवून गेले, काही वाटलीच नव्हती. मागची बाजू कोरी आहे, वर्ष आणि नाव तिथं घालता येईल. तुमचं सहीचं पत्र हातात आलं की कळवा, आणून देतो.