मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजीसाठी कोणती डिक्शनरी आणि ग्रामरचं पुस्तक घ्यावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुम्ही शहाद्याला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहात, बारावीपर्यंत सगळं मराठीतून झालं. आता दुकानदार इंग्रजी-मराठीची जाडजूड डिक्शनरी आणि ग्रामरसाठी रेन अँड मार्टिनचं पुस्तक घ्या म्हणतोय, आणि पैसे एकदाच घालता येणार आहेत. मी अमळनेरला अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. माझं मत: या दोन्हींवर आत्ता पैसे घालू नका.

इंग्रजी-मराठी डिक्शनरी वाईट नसते. झाडाचं, आजाराचं, हत्याराचं नाव हवं असेल तर तिच्यासारखी सोय नाही. पण 'रिलक्टंट' (मनातून तयार नसलेला) शोधलं की 'पराङ्मुख' हाती येतं. आपल्याकडे घरी अहिराणी, गुजरी नाहीतर पावरी बोलणारी मुलं असतात. त्यांना आता 'पराङ्मुख'चाही अर्थ शोधावा लागतो. शिवाय तो शब्द वाक्यात बसवायचा कसा, हे कळत नाही ते नाहीच.

ते कळतं लर्नर्स डिक्शनरीत. ही इंग्रजी-इंग्रजीच असते, पण ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांच्यासाठी केलेली. ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्सचे मूळ कर्ते हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते आणि तो कोश पहिल्यांदा 1942 मध्ये तिथेच निघाला. म्हणजे आपल्यासारख्यांच्या अडचणी समोर ठेवूनच तो झाला. लाँगमनच्या कोशात सगळे अर्थ साधारण 2000 सोप्या शब्दांतच सांगितलेले असतात. कोलिन्स कोबिल्ड 1987 मध्ये आला, त्यात अर्थ सांगायलाच पूर्ण वाक्य वापरतात. तुमच्यासाठी मी लाँगमन किंवा ऑक्सफर्ड म्हणेन, मिळेल तो.

निवडताना 'इतके लाख शब्द' हे मुखपृष्ठावरचं वाचू नका. तुम्हाला आधीच येणारे दोन शब्द काढून बघा. 'डिस्कस' काढा: त्याच्यापुढे 'अबाउट' लागत नाही, हे उदाहरणांवरून दिसतं का? आपल्याकडे भले भले 'डिस्कस अबाउट' म्हणतात. मग 'अ‍ॅडव्हाइस' काढा: त्याचं अनेकवचन होत नाही, अशी खूण आहे का? दोन्ही सापडलं तर डिक्शनरी कामाची. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन या तिघांच्याही लर्नर्स डिक्शनऱ्या इंटरनेटवर फुकट आहेत, उच्चारही ऐकता येतो. त्यामुळे पैसे कमी पडत असतील तर डिक्शनरी मोबाइलवर वापरा आणि पैसे ग्रामरच्या पुस्तकात घाला.

ग्रामरसाठी रेमंड मर्फी यांची पुस्तकं. लाल पुस्तक 'इसेन्शिअल ग्रामर इन यूज' सुरुवातीसाठी, निळं 'इंग्लिश ग्रामर इन यूज' त्याच्या पुढचं. डाव्या पानावर समजावलेलं, उजव्या पानावर सराव. तुम्ही लालपासून सुरू करा, बी.एस्सी.ला असलात तरी. बारावीचे मार्क काहीही असोत, मराठी माध्यमातल्या मुलांचं 'अ', 'द' आणि 'हॅव बीन' कच्चं राहिलेलं मी दर वर्षी बघते. मराठीत 'अ' आणि 'द'सारखं काही नाही, त्यामुळे ते नुसतं नियम वाचून बसत नाही, सरावानेच बसतं. एक मात्र जपा: उत्तरं असलेली आणि नसलेली अशा दोन्ही प्रती निघतात. 'विथ आन्सर्स' छापलेलीच घ्या, कारण तुमची वही तपासायला घरी कुणी नाही, असं तुम्हीच लिहिलंय.

रेन अँड मार्टिनबद्दल मला आदर आहे. वाक्याचं रूपांतर, पृथक्करण यांचा इतका सराव क्वचितच कुठे मिळतो, आणि स्पर्धा परीक्षेत तो उपयोगी पडतो. पण त्यातली बरीच वाक्यं जुन्या वळणाची आहेत आणि उत्तरांची किल्ली वेगळी विकत घ्यावी लागते. वर्षभराने, स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरायच्या वेळी घ्या.

जुनी आवृत्ती चालते. मर्फीची एक आवृत्ती मागची मिळाली तरी व्याकरण बदललेलं नसतं. पायरेटेड प्रत मात्र नको. तिच्यात उच्चाराच्या खुणा पुसट येतात, आणि कधीकधी शेवटची उत्तरांची पानंच नसतात. घ्यायच्या आधी कॉलेजच्या ग्रंथालयात संदर्भ विभागात विचारा. या डिक्शनऱ्या तिथे असल्या तर घरी देत नाहीत, पण तिथे बसून वर सांगितलेले दोन शब्द काढून बघता येतील.